युरोपियम घातलेले झिंक ऑक्साइडचे थर: प्रकल्प नोंदी, जुलै ते ऑक्टोबर २०२४

८ जुलै २०२४

रात्रभर पाऊस. सकाळी मध्य रेल्वे ठप्प, कॉलेजला जाणं शक्य नाही. म्हणून आज घरीच बसून वहीची सुरुवात आणि वजनांची गणितं.

विषय पक्का झाला: झिंक ऑक्साइडचा पातळ थर काचेवर चढवायचा, त्यात थोडं युरोपियम, एक दुर्मिळ मृदा धातू, मिसळायचं आणि अतिनील प्रकाश टाकल्यावर थर कोणत्या रंगात उजळतो ते मोजायचं. झिंक ऑक्साइडचा बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटा करायला लागणारी किमान ऊर्जा, साधारण ३.३७ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. अतिनील प्रकाशाने त्यात इलेक्ट्रॉन आणि त्याने मागे सोडलेली धन भाराची मोकळी जागा, म्हणजे होल, सुटे होतात, पण ते एकमेकांना धरून राहतात. या जोडीची, म्हणजे एक्सिटॉनची, पकड ६० मिलीइलेक्ट्रॉन व्होल्ट इतकी घट्ट असते. खोलीच्या तापमानाची उष्णता २६ मिलीइलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास, त्यामुळे जोडी मोडत नाही. गॅलियम नायट्राइडमध्ये हीच पकड २५ च्या घरात आहे. या एका फरकामुळे मला हा पदार्थ आवडला. जस्तासारखा स्वस्त धातू आणि हवेतला ऑक्सिजन, त्यातून साध्या खोलीत अतिनील प्रकाश.

युरोपियम का? त्याचा लाल रंग अगदी बारीक रेषेत येतो, ६१३ नॅनोमीटरच्या आसपास. आतल्या कवचातल्या इलेक्ट्रॉनांचा तो प्रकाश, त्यामुळे आजूबाजूचा पदार्थ बदलला तरी रेषा फारशी हलत नाही. माझी अपेक्षा अशी: झिंक ऑक्साइड अतिनील प्रकाश गिळेल, ती ऊर्जा युरोपियमच्या हाती देईल आणि युरोपियम लाल उजळेल. ही देवाणघेवाण खरंच होते का, हाच प्रकल्पाचा प्रश्न.

२५ मिलीलिटर द्रावण, एकूण धातू ०.५ मोलर, त्यात २ टक्के युरोपियम:
झिंक ॲसिटेट डायहायड्रेट २.६८९ ग्रॅम
युरोपियम नायट्रेट पेंटाहायड्रेट ०.१०७ ग्रॅम
मोनोइथॅनॉलअमाइन ०.७५ मिलीलिटर
बाकी २-मिथॉक्सीइथॅनॉल.
साध्या थरासाठी झिंक ॲसिटेट २.७४४ ग्रॅम, युरोपियम शून्य.

११ जुलै

काल प्रिन्सेस स्ट्रीटला जाऊन काचपट्ट्या, सिलिका जेल आणि व्हॉटमन कागद आणला. युरोपियमची एक ग्रॅमची बाटली सरांनी आधीच मागवून ठेवली होती.

आज पहिलं द्रावण. ६० अंशांवर दोन तास मॅग्नेटिक स्टररवर. सुरुवातीला ताकासारखं पांढरट. मोनोइथॅनॉलअमाइन थेंब थेंब घालत गेले तसं निवळलं आणि शेवटी पाण्यासारखं स्वच्छ झालं. झाकण घट्ट लावून उद्यापर्यंत मुरायला ठेवलं.

सगळं काम फ्यूम हूडमध्ये, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटात, हातमोजे घालून. २-मिथॉक्सीइथॅनॉल प्रजननसंस्थेला घातक आहे आणि कातडीतूनही आत जातं. आमच्याकडे काही जण ते उघड्या टेबलावर ओततात. मी सरांना सांगून हूडच्या काचेवर तशी चिठ्ठी लावली.

१५ जुलै

सहाच्या सहा पट्ट्या वाया. स्पिन कोटरवर, म्हणजे पट्टी गरगर फिरवून द्रावण पसरवणाऱ्या यंत्रावर, मिनिटाला ३००० फेऱ्यांनी ३० सेकंद फिरवलं, ३०० अंशांच्या हॉट प्लेटवर १० मिनिटं ठेवलं, आणि प्रत्येक पट्टीवर दूध सांडल्यासारखा पांढरा डाग. खोलीतली आर्द्रता ८८ टक्के. विद्रावक स्वतःच पाणी ओढणारा. तो उडताना पट्टी गार पडते, हवेतली वाफ तिच्यावर बसते आणि थर एकसंध होण्याआधीच फाटतो. पाठ्यपुस्तकातली कृती बहुधा कोरड्या देशातली असते. मुंबईच्या जुलैसाठी ती आपल्यालाच बदलावी लागते.

१९ जुलै

स्पिन कोटरभोवती ॲक्रिलिकची पेटी उभी केली. जुन्या मत्स्यालयाचं झाकण आणि चिकटपट्टी, खर्च जवळजवळ नाही. आत चार वाट्या निळं सिलिका जेल. अर्ध्या तासात आर्द्रता ४२ वर आली. जेल गुलाबी झालं की भट्टीच्या कडेला तापवून पुन्हा निळं करायचं. हे काम लॅबमधल्या मामांनी आपणहून अंगावर घेतलं.

शिवाय पट्टी आधी ८० अंशांवर गरम करून लगेच कोटरवर ठेवते. आजच्या आठपैकी सात पट्ट्या स्वच्छ, उजेडात तिरप्या धरल्या की हलकी जांभळट झाक. आनंद झाला.

२३ जुलै

सहा थर चढवून झाले, मग भट्टीत एक तास. तापमान ४५० अंश, त्यावर नाही. साधी काचपट्टी ५५० च्या आसपास सैल पडायला लागते, आणि त्याच्या बरंच आधी काचेतलं सोडियम थरात शिरतं.

उरलेलं द्रावण वाळवून त्याची पूडही केली. ती क्रुसिबलमध्ये होती, म्हणून तिला ६०० अंश दिले. साध्या झिंक ऑक्साइडची पूड भट्टीतून काढली तेव्हा लिंबाच्या सालीसारखी पिवळी होती, आणि टेबलावर थंड होताना माझ्या डोळ्यांदेखत पांढरी होत गेली. तापल्यावर बँड गॅप अरुंद होतो, थोडा ऑक्सिजनही सुटतो, म्हणून हा पिवळेपणा. हे वाचलेलं होतं, पण बघण्याची गोष्ट वेगळी. आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, आजोबा वैद्यांकडून यशद भस्म आणायचे. ते म्हणजे मुख्यतः हेच. म्हणजे घरात हा पदार्थ माझ्या आधीपासून आहे.

३० जुलै

संध्याकाळी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर. दोन टॉर्च घेतले: एक ३६५ नॅनोमीटरचा, काळी काच लावलेला, दुसरा नोटा तपासायचा स्वस्त, ३९५ चा.

रात्री खोली पूर्ण अंधारी करून पुडी पाहिल्या. स्वस्त टॉर्च स्वतःच इतका जांभळा दिसतो की काही कळत नाही, म्हणून डोळ्यांसमोर पिवळा जिलेटिन पेपर धरला.

३६५ चा टॉर्च: साधी पूड पिवळसर हिरवी. युरोपियमची पूड पिवळसर, थोडी मंद. लाल नाही.
३९५ चा टॉर्च: साधी पूड जवळजवळ काळी. युरोपियमची पूड लाल! मंद, पण नक्की लाल.

थरांवर डोळ्यांना काहीच दिसत नाही. थर नॅनोमीटरांत मोजायचा, त्यात पदार्थ असतो किती.

जास्त ऊर्जेच्या प्रकाशाने लाल येत नाही आणि कमी ऊर्जेच्या प्रकाशाने येतो, हे उलटं वाटतंय. नोंदवून ठेवते.

२ ऑगस्ट

मिळाली! थरावर लाल रेषा मिळाली!

कॉलेजमधला छोटा फायबर स्पेक्ट्रोमीटर, लॅपटॉपला जोडलेला. काळा रंग दिलेल्या खोक्यात थर, वरून ३६५ चा टॉर्च, बाजूने फायबर. डोप केलेल्या, म्हणजे युरोपियम घातलेल्या, थराचा वर्णपट: हिरवा रुंद पट्टा आणि त्यावर ६११ ला सुईसारखी टोकदार रेषा. साधा थर काल दुपारी मोजला होता, विंगमधला फ्यूज उडाल्यावर लॅपटॉपच्या बॅटरीवर. त्यात ही रेषा नाही. म्हणजे रेषा युरोपियमचीच. ५४६ ला एक लहान काटा आहे, तो हिरव्या पट्ट्यावरचा गोंगाट असावा.

सरांना आलेख पाठवला. त्यांचं उत्तर एका ओळीचं: "रिकामी काचपट्टी ठेवून पाहिलंस का?" नाही पाहिलं. सोमवारी.

५ ऑगस्ट

रेषा खोटी होती.

रिकामी पट्टी ठेवली तरी ६११ ला तीच सुई. पट्टी काढून खोकं रिकामं केलं, तरी तीच. टॉर्च बंद केला, तरी तीच. मी स्पेक्ट्रोमीटर बिघडला असं धरून चालले होते. साडेसहाला मामा आवरायला आले. म्हणाले, "ताई, ट्यूब बंद करू का, की बसणार आहात अजून?" आणि माझं उत्तर यायच्या आत त्यांचा हात बटणावर गेला. लॅपटॉपच्या पडद्यावरची रेषा त्या क्षणी नाहीशी झाली. मी त्यांना तीन वेळा बटण दाबायला लावलं. दिवा लागला की रेषा, दिवा गेला की काही नाही.

खोक्याच्या झाकणातून फायबर जिथे आत जातो तिथे फट होती. आणि लॅबमधल्या नव्या ट्यूबमध्ये लाल रंगासाठी काय असतं? इट्रियम ऑक्साइडमध्ये मिसळलेलं युरोपियम. त्याची रेषा बरोबर ६११ ला. मी युरोपियम शोधत होते आणि मला युरोपियमच सापडलं होतं, फक्त ते छतावर होतं. ५४६ चा काटा गोंगाट नव्हता. ती ट्यूबमधल्या पाऱ्याची हिरवी रेषा, ५४६.१. तिची धाकटी बहीण ४३५.८ ला आहे, आता पाहिलं तर तीही आलेखात होती. आणि साधा थर "स्वच्छ" निघाला, कारण फ्यूज गेला होता आणि छतावरचा दिवाच बंद होता.

मला याचं वाईट वाटलं, रात्री जेवणही नीट गेलं नाही. पण सर फोनवर म्हणाले ते इथे लिहून ठेवते: "पाऱ्याच्या रेषा ओळखीच्या असतात. उद्या त्याच ट्यूबने स्पेक्ट्रोमीटरचं कॅलिब्रेशन करून घे." दुसऱ्या दिवशी केलं. आमचा स्पेक्ट्रोमीटर ०.४ नॅनोमीटर जास्त दाखवतो.

इथून पुढे प्रत्येक मोजमापाबरोबर चार गोष्टी: रिकामी पट्टी, रिकामं खोकं, दिवा बंद, टॉर्च बंद.

१४ ऑगस्ट

एक्सआरडीचे, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकांची रचना मोजणाऱ्या चाचणीचे, आलेख आले. तांब्याच्या १.५४०६ अँगस्ट्रॉमच्या किरणांनी साध्या थराचं (००२) शिखर ३४.४२ अंशांवर, बाकी शिखरं नाममात्र. म्हणजे स्फटिक काचेवर बहुतेक उभे, सी अक्ष (स्फटिकाचा उभा अक्ष) वर करून वाढलेत. शिखराच्या रुंदीवरून स्फटिकाचा आकार काढणाऱ्या शेररच्या सूत्राने आकार सुमारे २६ नॅनोमीटर.

युरोपियमच्या थराचं शिखर ३४.४० वर आणि रुंदी ०.३२ वरून ०.५५ अंश. आकार १५ नॅनोमीटरवर आला. स्फटिक लहान झाले, पण शिखर जागचं फारसं हललं नाही, हे महत्त्वाचं. आयनाला स्फटिकात सहा शेजारी धरले तर जस्ताच्या आयनाची त्रिज्या ०.७४ अँगस्ट्रॉम, युरोपियमची ०.९४७. इतका मोठा पाहुणा घरात खरंच शिरला असता तर भिंती सरकल्या असत्या, शिखर डावीकडे गेलं असतं. थरातल्या ताणानेही शिखर हलतं, त्यामुळे यावरून शपथ घेता येत नाही. तरी मला वाटतं, युरोपियम उंबऱ्यावरच, म्हणजे स्फटिकांच्या सीमेवर, थांबलंय.

२९ ऑगस्ट

मोठ्या संस्थेतल्या फ्लुओरिमीटरवर, म्हणजे नमुन्यावर ठरावीक रंगाचा प्रकाश टाकून त्यातून निघणारा प्रकाश मोजणाऱ्या यंत्रावर, अखेर वेळ मिळाला. झेनॉनचा दिवा, ३२५ नॅनोमीटरचं उद्दीपन, म्हणजे नमुन्यावर टाकलेला प्रकाश. खोली अंधारी आहे का, हे मी दोनदा विचारलं.

साधा थर: ३८१ ला अतिनील शिखर, म्हणजे ३.२५ इलेक्ट्रॉन व्होल्ट. एक्सिटॉनचा प्रकाश, पहिल्यांदा स्वतःच्या थरातून. ५२० च्या आसपास रुंद हिरवा पट्टा.

या हिरव्या पट्ट्याबद्दल थोडं लिहिते, कारण तोही "कुणाचा" याच वादातला आहे. १९६९ मध्ये डिंगल यांनी तांब्याच्या अंशाकडे बोट दाखवलं. १९९६ मध्ये व्हॅनह्यूस्डेन आणि सहकाऱ्यांनी ऑक्सिजनच्या रिकाम्या जागांशी त्याचा संबंध जोडला. इतरांनी जस्ताच्या रिकाम्या जागा धरल्या. माझ्या एका आलेखावरून मी यात कौल देणार नाही. अहवालात "दोषांचा हिरवा पट्टा" एवढंच लिहीन.

युरोपियमचा थर: अतिनील शिखर निम्म्याहून कमी, हिरवा पट्टा पसरट. ६१३ ला रेषा नाही. पण ६५० ला मात्र ठळक, बारीक शिखर!

३१ ऑगस्ट

दोन रात्री या ६५० वर. युरोपियमला ६५० च्या आसपास एक संक्रमण, म्हणजे इलेक्ट्रॉनची उडी, आहेच, पाच-डी-शून्य या ऊर्जापातळीतून सात-एफ-तीनमध्ये. पण ते नेहमी दुबळं असतं. ६१३ ची थोरली रेषा गप्प आणि धाकटी मोठ्याने बोलतेय, असं होऊ नये.

मग सरळ गुणाकार केला. ३२५ दुणे ६५०.

ग्रेटिंग (प्रकाशाचे रंग वेगळे करणारा बारीक रेघांचा आरसा) ज्या कोनात ६५० चा प्रकाश पाठवतं, त्याच कोनात ३२५ चा दुसऱ्या क्रमाचा प्रकाशही येतो. थरावरून विखुरलेला दिव्याचाच प्रकाश दुप्पट तरंगलांबीचा वेष घेऊन आला. साध्या थराच्या आलेखात मी ६०० च्या पुढे मोजलंच नव्हतं, नाहीतर तिथेही दिसला असता.

पडताळा सोपा: उद्दीपन ३३० केलं तर खरं उत्सर्जन जागेवर राहील, दिव्याचं भूत ६६० ला सरकेल.

१९ सप्टेंबर

गणपतीमुळे मधले दिवस गेले. परवा विसर्जन झालं, आज पुन्हा फ्लुओरिमीटर.

३३० ला शिखर ६६० वर. ३३५ ला ६७० वर. वाटेत ३५० चा लाँगपास फिल्टर (३५० पेक्षा लांब तरंगलांबीच जाऊ देणारा) ठेवला, शिखर पूर्ण गेलं. रिकाम्या पट्टीवरही तेच, वर काचेचा स्वतःचा फिकट निळा पट्टा. इतके दिवस डोक्यात असलेलं शिखर गेलं, पण यावेळी वाईट वाटलं नाही.

मग ३९४ चं उद्दीपन दिलं. ६१३ ला रेषा. लहान, गोंगाटाच्या जेमतेम पाचपट, पण आहे. ४६५ दिलं, तरी आहे, जागा तीच. साध्या थरात नाही, रिकाम्या पट्टीवर नाही. पुडीत हीच रेषा थराच्या कितीतरी पट उंच.

३९४ आणि ४६५ या युरोपियमच्या स्वतःच्या शोषणरेषा. ३९४ म्हणजे ३.१५ इलेक्ट्रॉन व्होल्ट, झिंक ऑक्साइडच्या बँड गॅपच्या खाली. म्हणजे हा प्रकाश झिंक ऑक्साइड अडवत नाही, तो थेट युरोपियमपर्यंत पोचतो. ३६५ मात्र ३.४०. तो झिंक ऑक्साइडच गिळतं, आणि स्वतःच्या दोषांमधून हिरवा-पिवळा करून परत देतं.

३० जुलैला लॅमिंग्टन रोडच्या टॉर्चने हेच सांगितलं होतं. स्वस्त टॉर्चने लाल, महागाने नाही. उलटं काहीच नव्हतं.

२१ सप्टेंबर

सरांशी तासभर बोलणं. निष्कर्ष सध्यापुरता: लाल प्रकाश युरोपियमचा आहे, पण तो झिंक ऑक्साइडच्या हातून आलेला नाही. ही देवाणघेवाण आमच्या थरात दिसत नाही. मी म्हटलं, "सर, मग प्रकल्प फसला का?" ते म्हणाले, "तू प्रश्न विचारला होतास. उत्तर 'नाही' आलं, तेही मोजून आलं. आता 'का नाही' ते बघ."

माझं म्हणणं आकाराचं आणि भाराचं. युरोपियमवर तीन धन भार, जस्तावर दोन. एक भार जास्तीचा झाल्यामुळे त्याला जागा मिळत नाही. सोबत लिथियम घातलं तर? त्याच्यावर एकच धन भार, आणि चार शेजारी धरले तर त्रिज्या ०.५९, जस्ताच्या ०.६० ला अगदी लागून. एक युरोपियम आणि एक लिथियम मिळून दोन जस्तांची जागा घेतली, तर भाराचा हिशेब बरोबर जुळतो.

नवं द्रावण: झिंक ॲसिटेट २.६३४ ग्रॅम, युरोपियम नायट्रेट ०.१०७, लिथियम ॲसिटेट डायहायड्रेट ०.०२५५.

२६ सप्टेंबर

काल दुपारनंतर पुन्हा जोराचा पाऊस. सिलिका जेल तासात गुलाबी. मामांनी दुसरा ताजा संच तयार ठेवला होता, म्हणून आजच्या पट्ट्या वाचल्या. लिथियमचे पाच थर, पूड वेगळी.

९ ऑक्टोबर

लिथियमच्या पुडीचा उद्दीपन-वर्णपट. ६१३ वर नजर ठेवून उद्दीपन ३२० पासून ५०० पर्यंत फिरवलं. ३२० च्या खाली जात नाही, कारण ३०६.५ चा दुसरा क्रम नेमका ६१३ ला येतो आणि मला तिसरं भूत नको आहे. फिल्टर लावलेलाच.

लिथियमविना पूड: ३९४ ला शिखर, ४६५ ला शिखर, ३७५ च्या भागात, म्हणजे जिथे झिंक ऑक्साइड गिळतं तिथे, सपाट.
लिथियमसह: ३९४, ४६५ दोन्ही उंच झाले, आणि ३७५ च्या आसपास एक उंचवटा. बसका, रुंद, ३९४ च्या शिखराच्या दहाव्या भागाइतका.

हा उंचवटा म्हणजे झिंक ऑक्साइडने गिळलेल्या प्रकाशातला काही भाग ६१३ ला निघतोय. पण इथेही एक खोट असू शकते. झिंक ऑक्साइडचा दोषांचा पट्टा रुंद आहे, त्याची शेपटी ६१३ पर्यंत पोचते. मग उंचवटा युरोपियमचा नाही, त्या शेपटीचा असेल. म्हणून ६०० वर नजर ठेवून तोच वर्णपट पुन्हा घेतला. तिथे युरोपियमची रेषा नाही, फक्त शेपटी आहे. उंचवटा ६०० लाही आला, थोडा लहान.

दोन्हींची वजाबाकी केली. जे उरलं ते गोंगाटाच्या दुप्पट. एवढ्यावर मी काही म्हणणार नाही.

१८ ऑक्टोबर

लिथियमची दुसरी पूड, नव्या द्रावणातून, तीच वजनं. सोबत तिसरी, फक्त लिथियम घातलेली, युरोपियम नाही. शेपटी लिथियममुळेच वाढली असेल तर ती इथे कळेल. ६०० अंश, दोन तास.

२५ ऑक्टोबर

दिवाळीच्या आधीचा शेवटचा स्लॉट. चारही पुडी एकाच सेलमध्ये, एकाच जागी, एकामागून एक. खोलीतला दिवा बंद. फिल्टर आत. दोन्ही तरंगलांबींवर प्रत्येकी तीन वेळा.

साधी: वजाबाकीनंतर शून्य.
फक्त लिथियम: शून्य. शेपटी मोठी आहे, पण ६०० आणि ६१३ ला सारखीच.
फक्त युरोपियम: ३९४, ४६५. ३७५ ला शून्य.
युरोपियम आणि लिथियम, दुसरी खेप: ३९४, ४६५, आणि ३७५ ला उंचवटा, गोंगाटाच्या साडेचारपट. तिन्ही वेळा.

संध्याकाळी कॉलेजवर परतले. मामा कुलूप घेऊन दारात थांबले होते. मी म्हटलं, "मामा, पाच मिनिटं द्या, आणि ट्यूब बंद करा." त्यांनी बंद केली. ३६५ चा टॉर्च लावून त्यांच्या हातात जिलेटिन पेपर दिला. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "पिवळं दिसतंय, पण या चौथीत थोडं तांबूस आहे का हो ताई?"

चौथी पूड कोणती, ते मी त्यांना सांगितलं नव्हतं.

पुडी डेसिकेटरमध्ये (ओलावा न येऊ देणाऱ्या बंद भांड्यात), बाटल्यांवर तारखा. दिवाळीनंतर याच द्रावणाचे थर क्वार्ट्झच्या पट्ट्यांवर.